बारा बोअर, तेरावा मी

मुंबईच्या मरोळमध्ये बोअरची टंचाई कधीच नव्हती. औद्योगिक वसाहतीत लोखंडाला बोअर पाडतात, उन्हाळ्यात टँकरचा दर ऐकून सोसायट्या अंगणात बोअर मारतात, आणि मेट्रो तीनच्या वेळी तर बोगदा खणणारं अजस्र बोअरिंग मशीन आमच्या पायाखालून गेलं. या सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेला बोअर म्हणजे मी. हे शेवटचं वर्गीकरण माझं नाही, बायकोचं आहे. पण इतक्या वर्षांत त्याला कोणी हरकत घेतलेली नाही.

३४ वर्षं मी इथल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. हायड्रॉलिक सिलिंडरचा आतला व्यास मोजायचा आणि तो मर्यादेबाहेर एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जरी गेला तरी लाल खडूने फुली मारायची, हे माझं काम. सिलिंडर बाहेरून कसा दिसतो याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. या सवयीचा संसारात उपयोग होत नाही. ‘साडी कशी दिसते?’ असं विचारल्यावर मी पदर उलटा करून विणीचे धागे पाहिले होते, त्याला आता २९ वर्षं झाली. विषय अजून बंद झालेला नाही.

निवृत्त झाल्यावर मी मोजायला काही उरलं नाही म्हणून हळहळत होतो, तेवढ्यात कुडाळहून मेहुण्याचा फोन आला.

“भावोजी, माका परवानो गावलो!”

“गाडीचा?”

“गाडयेचो कसलो? बंदुकीचो! शेतीसंरक्षणाचो. माकडांनी माडार एक शहाळा ठेवूक नाय.”

माकडाला मारायचं नसतं, ते कायद्यातही बसत नाही. हवेत एक बार काढायचा, माकडं शेजाऱ्याच्या बागेत जातात. मग शेजारी बार काढतो, माकडं परत येतात. कोकणात शेजारधर्म असा दोन्ही बाजूंनी पाळला जातो.

“मग घे की नवी.”

“नवी घेतलंय तर गाव म्हणतलो, पैसे इले. जुनी विलायती डबल बार घेतलंय तर गाव म्हणतलो, घराण्यात होती!”

या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो. तशी जुनी विलायती दुनळी मरोळ गावठाणात आहे ही बातमी त्याला माझ्या बायकोनेच दिली होती. ती आणि गावठाणातल्या आंटी मरोळच्या मासळी बाजारात एकाच बाईकडे सुके बोंबील घेतात, आणि बोंबिलांच्या वाट्यावर दोन घरांतली सगळी शस्त्रास्त्रं उघडी पडली होती. अंकल ऐंशीच्या पुढचे, मुलं परदेशात, परवान्याच्या नूतनीकरणासाठी जिने चढवत नाहीत, त्यामुळे दुनळी कुणा योग्य माणसाच्या हाती सोपवायची होती. मी फक्त ‘आतून कशी आहे’ ते बघून सांगायचं.

“अरे, मी सिलिंडर तपासणारा माणूस. बंदूक मी पोलीस परेडमध्ये लांबून पाहिलीय.”

“तुम्ही बोअरातले. तुमका नाय कळला तर कोणाक कळतला? नळी ती नळी.”

बंदूक म्हणजे काही जुनी स्कूटर नव्हे, की चावी दिली आणि किक मारली. आधी परवाना, मग बंदूक. आणि २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच. परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आधी लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. नोंदणी विवाहाच्या नोटिशीला ३० दिवस पुरतात. म्हणजे सरकारच्या हिशेबात जोडीदारापेक्षा दुनळीला पंधरा दिवस जास्त विचार लागतो, आणि सरकारचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मी अभ्यासाला लागलो. पहिला धक्का ‘बारा बोअर’ या शब्दानेच दिला. मला वाटायचं, बारा म्हणजे बारा मिलिमीटर असणार. तसं नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या पाडल्या तर वीस बोअर. त्यामुळे आकडा वाढतो तसं भोक लहान होतं. हे इतरांना उलटं वाटेल, मरोळच्या माणसाला वाटणार नाही. टाकी तेवढीच आणि फ्लॅट जास्त झाले की नळाची धार बारीक होणारच.

दुसरी गोष्ट कळली ती जास्त मोलाची होती. जुनी बंदूक बार उडवून फारशी खराब होत नाही. ती खराब होते बार उडवल्यानंतर न पुसता ठेवल्याने. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते उडालं की मागे एक क्षार उरतो, मिठाचा सख्खा भाऊ. तो नळीत बसून दमट हवा पीत राहतो, आणि लोखंडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. नुसत्या तेलाने तो हलत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. त्याला कढत पाणीच लागतं. पूर्वीचे जाणते शिकारी घरी आल्यावर आधी नळीला अंघोळ घालत, मग स्वतः करत. नंतरच्यांनी क्रम बदलला, आणि पुढे नळीची अंघोळच राहिली.

रविवारी सकाळी मी पिशवी भरली. टॉर्च, सुती फडकं, लाकडी गज, सुतळी, माझा १८ ते ३५ मिलिमीटरचा डायल बोअर गेज, आणि नळीच्या भिंतीची जाडी मोजायला टूलरूममधल्या जुन्या मित्राने सळी वाकवून, टोकाला डायल बसवून दिलेलं एक घरगुती यंत्र. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं.

“बंदूक बघायला चाललात की तिचं बाळंतपण करायला?”

गावठाण म्हणजे मरोळचा मूळ जीव. बाकीचं मरोळ त्याच्याभोवती नंतर उगवलं आणि त्याच्यापेक्षा उंच झालं. अंकलचं घर एकमजली, कौलारू, लाकडी जिन्याचं. तिन्ही बाजूंनी काचेच्या इमारती त्याच्या अंगणात वाकून बघतात. अंकल पांढऱ्या बनियनवर इस्त्रीचा शर्ट चढवून तयार बसले होते. समोर टेबलावर लांबट पेटी. पेटीला त्यांनी क्रोशाचा रुमाल घातला होता.

“माझ्या बापसाची,” ते म्हणाले. “बर्मिंगहॅमची. आज सीप्झ आहे ना, तिथे सगळी भातखाचरं. बापूस पहाटे जायचा, पाणलावे घेऊन यायचा. पडक्या चर्चच्या बाजूने.”

ते चर्च अजून सीप्झच्या, म्हणजे निर्यात वसाहतीच्या, आत उभं आहे. १५७९ साली बांधलेलं, १८४०मध्ये साथीमुळे ओस पडलेलं. १९७२ला वन्यजीव कायदा आला, १९७३ला सीप्झ आलं. आधी अंकलच्या वडिलांनी बंदूक भिंतीला लावली, मग समोरची खाचरं गेली. आता तिथे दागिने आणि संगणकाच्या आज्ञावल्या पिकतात, आणि पाणलावा कुणी पाहिलाच तर तो फोनवर.

पेटी उघडली. काय देखणी वस्तू होती! अक्रोडाचा दस्ता, त्यावर हाताच्या घामाने आलेली मधाळ झाक, पोलादावर वेलबुट्टी. अंकलनी ती उचलली, मधून मोडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे मला दाखवलं आणि मगच हातात दिली. दुनळीच्या दुनियेतला हा नमस्कार आहे. जो माणूस बंदूक मिटलेली तुमच्या हातात ठेवतो, त्याच्याशी पुढे व्यवहारच करू नये.

मी आधी वेलबुट्टी पाहिली. कौतुकासाठी नव्हे, संशयाने. जुनी बंदूक विकायच्या आधी घासूनपुसून नवा निळसर रंग चढवला असेल, तर नक्षीच्या कडा बोथट होतात आणि अक्षरं झिजलेल्या साबणासारखी दिसतात. इथे कडा बोटाला लागत होत्या. मग नळ्या वेगळ्या करून त्यांच्या पोटाखालचे ठसे पाहिले. बर्मिंगहॅमला १८१३पासून कायद्याने उभारलेलं प्रूफ हाउस आहे. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढतात. जगली तर ठसा, फुटली तर भंगार. ही अग्निपरीक्षा दिल्याचं प्रमाणपत्र नळी जन्मभर पोटाशी बाळगते. त्यात बोअरचा आकडाही असतो. पुढे कुणी खड्डे लपवायला आतून घासून व्यास वाढवला, की ठसा एक सांगतो आणि गेज दुसरंच. फरक आठ-दहा थाऊच्या घरात गेला, तर इंग्लंडमध्ये अशी बंदूक पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय विकणं गुन्हा आहे.

नळीवर सागाच्या फळीसारखी लाटालाटांची नक्षी नव्हती, हेही बरं झालं. तशी असती तर ती दमास्कस म्हणायची, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळ्याने एकमेकींना जोडून केलेली नळी. दिसायला पैठणी, पण प्रत्येक टाक्याच्या आत काय दडलंय ते देव जाणे. ती काळ्या दारूच्या जमान्याची. तिच्यात आजचं काडतूस घालणं म्हणजे आजीला मेट्रोत धावत चढायला लावणं.

“आता आत बघा,” अंकल अभिमानाने म्हणाले. मी डोळा लावला. आत आरसा! अशी चकाकी मी कोऱ्या सिलिंडरमध्येही पाहिली नव्हती. आणि तिथेच ३४ वर्षांची नोकरी जागी झाली. आरशासारखं पोलाद आणि तेल लावलेलं पोलाद यांत माझ्यासारखा माणूस सहा महिन्यांत फरक करायला शिकतो, नाहीतर सातव्या महिन्यात घरी जातो.

“अंकल, तेल कधी लावलंत?”

“काल रात्री. शिलाई मशीनचं. मस्तपैकी.”

दाट तेल खड्ड्यांत भरतं आणि सगळं सपाट, चकचकीत दिसतं. विकणाऱ्याच्या मनात कपट असावंच लागतं असं नाही; पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो तसंच ते. पण घर विकत घेणाऱ्याने आवरलेल्या घरावर विश्वास ठेवू नये. मी गजाला फडकं गुंडाळलं आणि दोन्ही नळ्या कोरड्या होईपर्यंत पुसत राहिलो. अंकलचा चेहरा पडला. आंटी आतून डोकावल्या आणि “किती वर्षांनी हिला कुणी पुसलं!” असं म्हणून चहा टाकायला गेल्या.

आता खरी कसोटी. नळीत बघायचं तर आपल्या बाजूने टॉर्च मारून उपयोग नसतो. त्याने आपलेच डोळे दिपतात. उजेड समोरच्या टोकाला हवा. नळीच्या तोंडाशी उजळ आकाश किंवा पांढरी भिंत धरायची आणि मागून पाहायचं. चांगल्या नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक, तळ्यातल्या तरंगांसारखी, अखंड दिसतात. कुठे वर्तुळ चेपलेलं दिसलं तर बाहेरून बसलेला पोचा. कुठे काळी कडी आडवी आली तर आतून आलेला फुगवटा. पोचा कसबी कारागीर काढू शकतो. फुगवटा म्हणजे नळीने एकदा मरण जवळून पाहिलंय. तोंडात चिखल, चिंधी, काहीतरी अडकलेलं असताना कुणीतरी बार काढला असणार. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचं काडतूस सरकवणं. ते आत घसरून अडकतं, नळी रिकामी वाटते, माणूस वर बारा बोअरचं काडतूस भरतो, आणि मग नळी आणि पंजा दोन्हींचा हिशेब एकदम होतो. म्हणून वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत पडली. आपल्याकडे शाळेच्या बसला आहे तोच रंग, तेवढ्याच काळजीने.

उजेडासाठी मी नळ्यांची जोडी घेऊन गॅलरीत गेलो. दस्ता आत टेबलावर होता, तेव्हा हातात नुसते दोन चिकटलेले पाईप. तरी मरोळमध्ये नळी कुठे रोखावी हा साधा प्रश्न नाही. समोर मेट्रोचा पूल. वर विमान, चाकं काढून उतरायच्या तयारीत. आणि हाकेच्या अंतरावर नसलं तरी मनाच्या फार जवळ, मरोळचं पोलीस प्रशिक्षण केंद्र. मी बेताने समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर नेम, म्हणजे नजर, धरली. तोच तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

“काका, चोक झालाय का?”

मी गोंधळलो. नळीच्या तोंडाशी व्यास किंचित आवळलेला असतो त्याला चोक म्हणतात. छर्रे लवकर पांगू नयेत म्हणून. बाईंना बंदुकीतलं एवढं कळतं याचं मला कौतुक वाटलं.

“आहे ना. उजवीकडे पाच थाऊ, डावीकडे पस्तीस.”

“आमच्याकडे दोन्हीकडे आहे. मोरीत आणि संडासात. तिथलं झालं की इकडे याल का?”

मरोळ पाईपलाईन हे ज्या वस्तीतल्या बसथांब्याचं नाव आहे, तिथे दोन नळ्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाला लोक प्लंबर समजणार नाहीत तर काय समजतील? मी “आज सुट्टी आहे” म्हणालो आणि पुन्हा डोळा लावला.

उजवी नळी पाहिली आणि मला सुखावल्यासारखं झालं. तरंगांची वर्तुळं शेवटपर्यंत अखंड. काडतुसाच्या घराच्या पुढे, जिथे क्षार सर्वांत आधी बसतो, तिथे जरासे ठिपके. काही करडे डाग होते, ते शिशाचे, चोळल्यावर निघाले. खड्डा चोळून निघत नाही, हीच त्याची ओळख.

मग डावी. सुरुवातीला सगळं ठीक. पुढे, तोंडापासून नऊएक इंचांवर, अचानक एक काळी, खरबरीत पट्टी. चारी बाजूंनी, बांगडीसारखी. फुगवटा नव्हे; बाहेरून बोट फिरवलं तर सपाट. आतून मात्र पावसाळ्यानंतरचा अंधेरी-कुर्ला रस्ता.

“डावी जास्त वापरायचे का वडील?”

“छे! डावी तर कधीच नाही,” अंकल म्हणाले. “बापूस म्हणायचा, पहिल्या बाराला पाणलावा पडला नाही तर दुसरा बार म्हणजे काडतुसाची नासाडी.”

दुनळीला दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. जवळच्या पाखराला आधी उजवी, लांब गेलेल्याला डावी, अशी ती रचना. वडिलांनी आयुष्यभर पुढचाच चाप ओढला. मग न उडवलेली नळी गंजली कशी? कोडं चहाच्या कपातून सुटलं. आंटी ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या,

“सासरे आले की मी बंबातलं कढत पाणी द्यायची. ते उजव्या नळीत ओतायचे, पुसायचे, तेल लावायचे. डावीत मात्र पाल शिरू नये म्हणून चिंधीचा बोळा कोंबून ठेवला होता. आत, गजाने. ह्यांनी परवा ओढून काढला.”

“किती वर्षं होता तो बोळा?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिशेब इंदिरा गांधींपाशी सुरू झाला आणि तिथेच संपला. म्हणजे पन्नासेक पावसाळे त्या चिंधीने पिऊन नळीच्या अंगाला लावले होते. आणि त्या सगळ्या वर्षांत कुणी चुकून मागचा चाप ओढला असता तर बोळा अडून नळी फाटली असती, हे मी अंकलना सांगितलं नाही. चहा चांगला होता.

पुढचं काम मोजणीचं. तिथे मी राजा. मागच्या टोकापासून नऊ इंच आत, जिथे प्रूफ हाउसवालेही मोजतात, तिथे दांडा जोडून गेज सोडला. उजवी ०.७३१, डावी ०.७३३. ठशाशी जुळत होतं. म्हणजे कुणी आतून घासलं नव्हतं. मग भिंतीची जाडी. ती सगळीकडे सारखी नसते. मागे दांडगी आणि तोंडाच्या अलीकडे नेमकी सर्वांत पातळ. सर्वसाधारणपणे २० थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर, त्याखाली जाऊ नये म्हणतात. डाव्या नळीत त्या पट्टीपाशी भरली २६ थाऊ. खड्डे सुमारे नऊ थाऊ खोल. सव्वीसातून नऊ गेले, सतरा राहिले. आणि खड्डे काढायचे म्हणून सगळ्या बाजूंनी नऊ थाऊ घासलं, तर व्यास अठराने वाढून ठसा खोटा पडणार. रोग ठेवला तरी पंचाईत, औषध दिलं तरी पंचाईत.

शेवटी घंटेची परीक्षा. नळ्या सुतळीला टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. दोन नळ्यांमधली पट्टी पक्की डाखलेली असेल तर घंटेसारखा ‘टण्ण’ नाद घुमतो. कुठे सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा ‘भद्द’. मी टिचकी मारली. नाद इतका सुरेल निघाला की आंटींनी सवयीने छातीवर क्रॉस केला.

मी मेहुण्याला फोन लावला आणि सविस्तर अहवाल दिला. प्रूफच्या ठशांपासून सुरुवात केली. पोटॅशियम क्लोरेटपर्यंत आलो तेव्हा पलीकडून म्हशीचा आवाज आला; तो फोन गोठ्यात ठेवून दूध काढून परत आला होता.

“भावोजी, एकाच शब्दात सांगा. घेव की नको?”

“उजवी उत्तम. डावी बाद.”

“मग झाला तर! मी खय डावी वापरतलंय? माकडाक एक बार बस.”

“एकच नळी वापरायची तर एकनळी घे ना!”

“ह्या काय बोलणा झाला? डबल बार ती डबल बार!”

इथे मला सगळा रोग एकदम कळला. दुसरी नळी वापरायची नाही, पण हवी. आणि वापरायची नाही म्हणून तिच्याकडे बघायचं नाही. अंकलच्या वडिलांनी तेच केलं होतं. फक्त त्यांच्या वेळी माकडांच्या जागी पाणलावे होते. मी त्याला निक्षून सांगितलं, की दिवाळीत कुणीतरी हौशी पाहुणा डावीत काडतूस भरणार. तेही खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं सत्तर मिलिमीटरचं, आणि या बंदुकीचं घर पासष्टचं. भरताना ते बिनतक्रार बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. बार झाला की उलगडतं आणि तेव्हा जागा कमी पडते. दोन मिनिटांसाठी म्हणून छोटी पिशवी घेऊन येणारे आणि नंतर वळकटी सोडणारे पाहुणे आपण पाहिलेले आहेत. नळी त्यांना सहन करत नाही. शेवटचा शब्द पक्क्या बंदूकसाजाचा, पण माझ्याकडून लाल फुली.

अंकलना हे कसं सांगायचं म्हणून मी शब्द जुळवत होतो. त्यांनी नळ्या माझ्या हातातून घेतल्या, दस्त्याला जोडल्या, आणि मलाच विचारलं,

“म्हणजे उजवी बापसाने बरोबर ठेवली होती ना?”

“एक नंबर,” मी म्हणालो. “पन्नास वर्षांनंतर अशी नळी मी पाहिली नाही.” ते खरं होतं, कारण मी कुठलीच पाहिली नव्हती. पण अंकल खूश झाले. दुनळीचं पुढे काय करायचं ते कायद्याने ठरेल. तूर्त तिला महिन्यातून एकदा पुसायचं कंत्राट मला मिळालं. मोबदला, आंटींचा चहा आणि सुक्या बोंबलाची चटणी.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ठसे सांगितले, थाऊ सांगितले, तिसऱ्या मजल्यावरची मोरी सांगितली. जेवण झालं, भांडी झाली, तरी मी बोळ्यापर्यंतच पोचलो होतो. तिने ओटा पुसत सगळं ऐकलं आणि म्हणाली,

“तुमची पण दुनळीच आहे. एक बोलायची, एक ऐकायची. बोलायची रोज वापरात, म्हणून लखलखीत. दुसरीत लग्न झाल्यापासून बोळा.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बार तयार होता. चाप नेहमीचा, पुढचा. मग बोट मागच्या चापावर नेलं आणि विचारलं,

“बरं, तुझा दिवस कसा गेला?”

ती ओटा पुसायची थांबली. बराच वेळ काही आवाज आला नाही. इतक्या वर्षांची गंजलेली नळी. पहिला बार जरा उशिरानेच निघतो. पण मग जो निघाला, तो रात्री साडेबारापर्यंत चालू होता.